मामांची आगगाडी

३ मार्च २०२५, जव्हार

सासऱ्यांना आज दवाखान्यातून थेट आमच्या घरी आणलं. मी त्यांना मामा म्हणतो, कागदावर मंगळू. मोखाड्याच्या पुढं त्यांचा पाडा आहे, पण तिथल्या घरात आता त्यांना पाणी द्यायलाही कुणी नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय मोठं झालंय. माणूस तर वाळून एवढासा झालाय. मीठ बंद, पाणी मोजून, दगदग नको. "पावसाळा बघतील ना?" असं विचारलं तर त्यांनी फाइल मिटली आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. मी जन्मभर एसटी चालवली, कोण कुठं उतरणार ते चेहऱ्यावरून कळतं. मामांचं तिकीट लांबचं नाही.

खाटेच्या अगदी कडेला बसलेत. मुलीच्या घरी राहून जावयाचं खायचं हे त्यांच्या घशाखाली उतरत नाही. आमच्यात सासरा जावयाकडे काही मागत नाही. जावई आला की अंगणात खाट टाकायची, कोंबडं कापायचं, निघाला की हात जोडायचे. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा माणूस माझ्याशी कधी चार वाक्यांवर बोललेला नाही. जावई हा दहावा ग्रह म्हणतात, त्याला लांबूनच नमस्कार करतात.

माझी कंबर धरलीय. निवृत्त झालो की बरं वाटेल असं सगळे सांगायचे. दीड वर्ष झालं, अजून वाट बघतोय.

७ मार्च

सकाळी चहा घेताना मामा आपणहून बोलले. पुष्पा चुलीपाशी होती, तीसुद्धा वळून बघायला लागली.

"जावई, तुम्ही आगगाडी बघलीय का?"

"बघितली की. कसाऱ्याला, डहाणूला."

"ती नाय. आपली. आपल्या रानातली."

मग हळूहळू सांगितलं. राजाच्या वेळेला रानातलं सागवान खाली उतरवायला बारकीशी आगगाडी होती. रूळ टाकलेले होते. मामा पोरगं असताना ओंडक्यावर बसून गेलेत म्हणे. पुढं राज्य गेलं, रान तुटलं, आगगाडी कुठंतरी तिथंच पडून राहिली. लोक विसरले.

"मरायच्या आधी एकडाव बघायची व्हती," म्हणाले आणि लगेच, "नाय जमलं तरी बेस हाय. तुम्हाला कशाला तरास."

मला हसू आलं. या दोन तालुक्यांत रेल्वे आली नाही म्हणून तर माझ्यासारख्यांचं पोट चाललं. पण डोक्यातून जाईना. इतकी वर्षं हाच रस्ता तुडवला, जव्हार मोखाडा खोडाळा, खोडाळा मोखाडा जव्हार, आणि आपल्याला न सांगता रानात एक आगगाडी पडलेली?

पुष्पा बापाकडे बराच वेळ बघत होती. मग मला म्हणाली, "न्या की त्यांना. तशीही तुमची जीप दारात उन्हात उभीच असते."

डॉक्टरांनी दगदग नको सांगितलंय याची मी आठवण करून दिली. ती म्हणाली, "घरात बसून ते जास्त दमतात."

१० मार्च

गावीत सरांकडे जाऊन आलो. शाळेतून निवृत्त झाल्यापासून जव्हारचा इतिहास त्यांच्याकडे आहे. त्यांनी पुस्तकं काढली, चष्मा दोनदा पुसला आणि सांगितलं, कुठंही नोंद नाही. "तुळशीदास, म्हातारी माणसं मुंबईला वगैरे गेलेली असतात, तिकडचं इकडं मिसळतात." मला राग आला. मामा आयुष्यात भिवंडीच्या पुढं गेलेले नाहीत. आता शोधायचीच.

११ मार्च

पहिली फेरी. सकाळी लवकर निघालो. पुष्पानं पिशवी दिली, तीत भाकरी, गोळ्या, आणि खाली एक नारळ आणि खण. म्हटलं, आगगाडी शोधायला खण कशाला? तर म्हणते, "वाटेत कुणाच्या घरी गेलात तर रिकाम्या हातानं जाऊ नये."

मामा पुढच्या सीटवर बसले, काठी दोन गुडघ्यांत धरून. जिथं बस कधी थांबवली नाही अशा ठिकाणी वळवायला सांगितलं. मोखाड्याच्या अलीकडे तानीआत्याचा पाडा. तानीआत्या म्हणजे मामांची चुलत बहीण. तिच्या घरामागनं रूळ जायचे, तिला ठाऊक असेल असं मामा म्हणाले.

तिथं गेल्यावर नेहमीचंच. जावई आले, जावई आले. आंब्याखाली खाट पडली, तिच्यावर गोधडी, पाण्याचा तांब्या. एक कोंबडी जिवाला मुकली. मामा आत गेले. मी खाटेवर मानानं बसून राहिलो. जावयानं उठून घरात म्हाताऱ्यांच्या बोलण्यात डोकावणं बरं दिसत नाही. आतून तानीआत्याच्या रडण्याचा आवाज आला, मग दोघं हसले, मग परत रडणं. आगगाडीत एवढं रडण्यासारखं काय आहे?

परतताना विचारलं, काय म्हणाली? मामा म्हणाले, "तिला आथा काय आठवत नाय."

घरामागं मी स्वतः फिरून आलो होतो. रूळ नाही, खडी नाही, साधा भराव नाही. अख्खा दिवस गेला.

१३ मार्च, होळी

आज फेरी नाही. वीटभट्टीवर कामाला गेलेली माणसं परत आलीत, बाजार माणसांनी फुललाय. मामांचे पाय सुजलेत, होळीला दारातूनच हात जोडले.

सणाला पुष्पा जरा गप्प असते. तिला एक थोरली बहीण आहे, गौरा. मी तिला लग्नाआधी एकदाच पाहिलं होतं. सुपारी फुटलेलं लग्न मोडून ती भट्टीवरच्या एकाबरोबर निघून गेली, तेव्हा मामांनी पंचांसमोर सांगितलं, मला एकच पोरगी. खोडाळ्याकडे कुठंतरी राहते म्हणतात. आमच्या घरात तो विषय निघत नाही.

तसा विषय न निघणारं माणूस माझंही आहे. येसू, माझा धाकटा भाऊ, विक्रमगडच्या रस्त्याला आमच्या जुन्या घरात राहतो. बांधावरून बोलणं बंद झालं. चूक त्याची होती. त्याला कधीही येता आलं असतं, रोज बस जाते.

१८ मार्च

मोखाड्याच्या बाजारातून पुढं लहानूच्या पाड्यावर. लहानू आणि मामांनी मिळून लाकडं तोडली, मिळून बैल घेतला आणि त्याच बैलावरून भांडले, हे सगळ्या तालुक्याला माहीत आहे. मामा म्हणाले, लहानूचा बाप आगगाडीवर कामाला होता.

दोघे ओटीवर शेजारी शेजारी बसले. मी माझ्या ठरल्या खाटेवर. समोरच होते म्हणून नीट बघितलं. तासन्‌तास एक शब्द नाही. लहानूनं तंबाखूची चंची काढून पुढं केली, मामांनी चिमूट घेतली. मग मामांनी आपली चंची पुढं केली. झालं. उठताना लहानू म्हणाला, "बैल बेस व्हता." मामा म्हणाले, "व्हता."

जीपमध्ये मी चिडलो. म्हटलं, मामा, तुम्ही आगगाडीचं विचारलंच नाही. म्हणाले, "त्याचा बाप कवाचा मेला. त्याला काय म्हाईत." मग आपण तिथं गेलो कशाला? यावर ते झोपले. झोपले की डोळे मिटून घेतले, देव जाणे.

२२ मार्च

खोडाळ्याच्या पुढं. उन्हानं जीप तापून तव्यासारखी झाली. डोंगर नुसते करपलेत, एक पान हिरवं नाही. इथं पावसाळ्यात दार उघडवत नाही इतका कोसळतो आणि होळी झाली की बाया हंडे घेऊन वणवण फिरतात. वाटेत टँकर पुढं होता, त्याची धूळ खात गेलो.

करवंदपाड्याच्या फाट्यावर मामांनी थांबायला सांगितलं. मी इंजिन बंद केलं. फाट्यातून कच्चा रस्ता खाली उतरतो, लांब दोनचार कौलं दिसतात. मामा तिकडं बघत राहिले. मला वाटलं, आता सांगतील, हीच ती जागा. मी उतरून दरवाजा उघडला. तर म्हणाले, "मागं घ्या. हिकडं नाय."

तिथून पारूबाईकडे गेलो. तिची आई मामांच्या आईची मैत्रीण. परत खाट, परत कोंबडं. मला कोंबड्याचा वीट आलाय हे कुणाला सांगू? मुकाट्यानं खाल्लं.

पुष्पाला संध्याकाळी विचारलं, करवंदपाड्यात काय आहे ग? "पाडा आहे," म्हणाली आणि भांडी घासायला गेली. नारळ आणि खण मात्र दरवेळी नवीन येतो. एवढे खण ही आणते कुठून?

३१ मार्च

कालचा पाडवा. मामा दिवसभर झोपून. मीठ नाही म्हणून जेवण तोंडात घोळवतात. दम लागतो. मी म्हटलं, आता पुरे करू या का? पहिल्यांदा घाईनं बोलले, "नाय नाय. आजून एक जागा राह्यली."

कुठली म्हटल्यावर सांगत नाहीत. फाट्यापर्यंत तर आतापर्यंत कितीदा गेलो. दरवेळी तेच. थांबवायचं, बघायचं, मागं घ्या. मी म्हणतो, भरलेली बस असती तर पॅसेंजरांनी मला मारलं असतं.

३ एप्रिल

सापडले. हे लिहिताना हात अजून काळे आहेत.

खोडाळ्याहून येताना जीप तापली म्हणून एका वस्तीवर रेडिएटरसाठी पाणी मागायला उतरलो. तिथं कोंडीआजीची विहीर आहे. विहिरीच्या तोंडावर दोन लोखंडी दांडे आडवे टाकलेत, बाया त्यांवर उभ्या राहून पाणी शेंदतात. मी हात लावला आणि लक्षात आलं, दांडे कसले, हे रूळ आहेत. खाली पसरट, वर गोल डोकं. कसाऱ्याला असतात तसेच, पण बारीक, माझ्या मुठीत मावतील असे. दोराच्या घासण्यानं त्यांच्या कडेला खाचा पडल्यात. विहिरीच्या तळाला वाटीनं भरावं एवढं पाणी.

मी मामांना ओरडून हाक मारली. त्यांना धरून आणलं. ते काठी टेकत आले, रुळाजवळ उकिडवे बसले, त्यावर तळवा ठेवला. खूप वेळ हात काढला नाही. मला वाटलं रडतात की काय.

कोंडीआजी हसत म्हणाली, "काय रं मंगळू, आजून..."

"कोंडे, जावयाला पाणी दे," मामांनी तिला मध्येच तोडलं. ती माझ्याकडे बघून तोंडाला पदर लावून आत गेली.

मग मामा उठले आणि म्हणाले, "ही ती नाय."

"अहो मामा, रूळ आहेत! दुसरं काय असणार?"

"आपली नाय. आपली येगळी व्हती."

मी काही बोललो नाही. बोललो असतो तर वाईट बोललो असतो. डोंगर पोखरून उंदीर निघाला असता तरी चाललं असतं. इथं हत्ती निघाला आणि म्हणतात, हा आमचा नाही.

५ एप्रिल

जीप झाकून ठेवली. घरात सांगून टाकलं, मी आता कुठंही जाणार नाही. माझं वय साठ झालंय, कंबर गेलीय, डिझेल काही झाडाला लागत नाही, आणि ज्यानं शोधायला लावलं त्यालाच ओळखता येत नाही. सगळं मोठ्यानंच बोललो, मामा आत ऐकत होते.

मामा एवढंच म्हणाले, "बरोबर हाय."

पुष्पानं जेवायला वाढलं. पिशवीतला नारळ काढून परत फळीवर ठेवला.

९ एप्रिल

मामा उठत नाहीत. पाय दाबला तर खड्डा पडून तसाच राहतो. डॉक्टर घरी येऊन गेले. दवाखान्यात हलवू का म्हटलं, तर ते पुष्पाला बाजूला घेऊन बोलले. 

मामा दिवसभर दाराकडे तोंड करून पडलेले असतात. मला बघितलं की कुशीवर वळतात. मला त्यांचा अजून राग आहे आणि रागाची लाजही वाटते. दोन्ही एकदम कसं काय वाटतं कोण जाणे.

जेवल्यावर एकच विचार घोळत राहिला. इतक्या फेऱ्या केल्या, पण एक रस्ता असा आहे की जिथं तोंडाशी जाऊन दरवेळी फिरलो. ड्रायव्हर माणसाला अशी गोष्ट डाचते. जिथं नको म्हणतात तिथंच असणार. कदाचित आगगाडीखाली कुणी त्यांचं माणूस गेलं असेल, म्हणून भीत असतील. उद्या एकटाच जाऊन बघून येतो. मिळाली तर निदान फोटो तरी दाखवीन.

१० एप्रिल

सगळं नीट लिहितो.

पुष्पाला सांगितलं, करवंदपाड्याला जाऊन येतो. तिनं फळीवरचा नारळ आणि खण पिशवीत घालून माझ्या हातात दिला.

फाट्यावरून खाली उतरलो. शेवटच्या घरासमोर एक बाई खळ्यात नागलीचे पापड वाळत घालत होती. केस पांढरे, पण मान वळवून बघायची तऱ्हा हुबेहूब पुष्पाची. नाव विचारायची गरज नव्हती. मी खळ्याच्या बाहेरच उभा राहिलो.

"मी तुळशीदास. जव्हारचा. पुष्पाचा..."

"वळखलं," ती म्हणाली. हातातला पापड तसाच. "बाबांनी धाडलं?"

खोटं बोलावंसं वाटलं, पण जमलं नाही. "नाही. त्यांना ठाऊक नाही. मी आगगाडी शोधतोय."

"कंची आगगाडी?"

मग तिला सगळं सांगितलं. दुखणं, दवाखाना, रानातली आगगाडी, आमच्या फेऱ्या. ती म्हणाली, कुठं कुठं गेलात? मी बोर्ड वाचल्यासारखं सांगत गेलो. तानीआत्या. लहानू. पारूबाई. मामांच्या मेलेल्या धाकट्या भावाची बायको माघी. ज्या हौशीबाईनं मामांच्या बायकोचं बाळंतपण केलं ती. सांगता सांगता माझाच आवाज खाली जायला लागला. यातल्या एकानंही माझ्यासमोर आगगाडीचं नाव काढलेलं नव्हतं. मी सगळीकडे अंगणात खाटेवर होतो.

गौरा खाली बसली. म्हणाली, "सगळ्यांकडं गेला. माझ्याकडं नाय आला."

"फाट्यापर्यंत आले होते."

"कवा?"

"दरवेळी," मी म्हटलं.

ती तोंड झाकून रडली. मी पापडांवर बसणाऱ्या कोंबड्या हाकलत राहिलो, दुसरं काय करणार. थोड्या वेळानं म्हटलं, चल. दिवस फार नाहीत.

"अशी कशी येऊ? पंचांसमोर तोडलंय. बोलावल्याबिगर बापाच्या समोर जाऊ? तो तोंड फिरवल तर?"

हे तिचं खरं होतं. मामांनी बोलावलेलं नव्हतं, आणि आता विचारायला गेलो तर तेही बोलावणार नाहीत. त्यांना मागता येत नाही. इतके दिवस शेजारच्या सीटवर बसून हा माणूस मागत होता आणि मला ते ऐकू आलं नाही. मी आपला खडी शोधत होतो.

मग मला सुचलं. म्हटलं, "तू मुलगी म्हणून येऊ नको. मामा आगगाडी शोधतायत. तुला तिच्याबद्दल काही माहीत असेल तर सांगायला चल. त्यासाठी कुणीही येऊ शकतं."

तिनं डोळे पुसून माझ्याकडे बघितलं. "हाय मला म्हाईत," म्हणाली. हात तसेच पिठाचे, शेजारणीला पापड राखायला सांगितलं आणि जीपमध्ये बसली. मागच्या सीटवर. पुढची मामांची आहे हे तिला मी सांगितलेलं नव्हतं.

घरी पोचलो तेव्हा पुष्पा दारात उभी होती. बहिणी एकमेकींकडे बघत राहिल्या. मी आधी आत गेलो.

"मामा, करवंदपाड्याची एक बाई आणलीय. तिला आगगाडीचं ठाऊक आहे म्हणते."

मामांनी डोळे उघडले नाहीत. कितीतरी वेळानं म्हणाले, "बस म्हनावं."

आज मला कुणी बाहेर खाट टाकून दिली नाही. मीच खुर्ची उचलली आणि ओट्यावर जाऊन बसलो. आत बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग गौराचा आवाज, मग पुष्पाचा, मग तिघांचा. ऐकायचा प्रयत्न केला नाही. रस्त्यावरून संध्याकाळची मोखाडा बस गेली, नव्या पोरानं गियर चुकीचा टाकला.

११ एप्रिल

सकाळी मामांनी मला आत बोलावलं. गौरा त्यांच्या पायाशी झोपली होती. मामांचा चेहरा सुजलेला, पण कपाळावरची आठी गेलेली.

मी विचारलं, "मामा, आगगाडीचं काही कळलं?"

"कळलं," म्हणाले. थोडा दम घेतला. मग म्हणाले, "तुळशीदास, पाणी दे."

मी उभाच राहिलो. या माणसानं मला कधी नावानं हाक मारली नव्हती. कधी काही मागितलं नव्हतं. पाणी मोजून द्यायचं आहे हे माझ्या डोक्यात होतं. पण माठातलं गार पाणी तांब्याभर घेतलं, मान उचलून धरली आणि मामा ते सगळं पोटभर प्यायले.

बाहेर येऊन मी रडलो. जीपच्या मागं उभा राहून, म्हणजे कुणी बघू नये म्हणून. पुष्पानं बघितलंच.

१६ एप्रिल

मामा गेले. दुपारी, दोन्ही मुली जवळ असताना. मी टँकरचं पाणी भरून घेत होतो.

पाड्यावर नेलं. तानीआत्या आली, पारूबाई, माघी, हौशीबाई, सगळ्या आल्या. लहानूला पोरांनी झोळीतून आणलं. प्रत्येक जण येऊन मला सांगत होतं, बेस केलंस, भेटवून आणलंस. मी मान हलवत होतो. लाकडं रचताना लहानू माझ्या शेजारी बसला आणि त्यानं चंची पुढं केली. मी तंबाखू खात नाही. घेतली.

२५ एप्रिल

पाड्यावर मामांचे दिवस झाले. परतताना गौरानं कोंडीआजीच्या विहिरीवर जीप थांबवायला लावली. रुळांपाशी गेली आणि पुष्पाला म्हणाली, "तुला आठवत नसल, तू कडेवर व्हतीस. बाबा बाजाराला जाताना आपल्याला हिथं बसवायचा. ह्याच्यावर. म्हनायचा, बसा, ही आपली आगगाडी."

मी ऐकत होतो. पहिल्यांदा राग आला, तो आधी लिहितो. म्हणजे पहिल्या दिवसापासून त्यांना ठाऊक होतं. उन्हातान्हात मला रानोरान फिरवलं आणि मी रुळावर हात ठेवून नाचत असताना तोंडावर सांगितलं, ही ती नाय. तेव्हा हो म्हणाले असते तर शोध तिथंच संपला असता. आणि त्यांचा फाटा राहिला होता.

राग फार टिकला नाही. कोंडीआजी आतून म्हणाली, "मी त्या दिवशीच बोलनार व्हते, मंगळूनं बोलू दिलं नाय."

मी रुळावर बसून बघितलं. लोखंड तापलेलं होतं, लगेच उठलो. गावीत सरांना फोटो पाठवायचा म्हणून मोबाइल काढला होता, तो परत खिशात घातला. पाठवीन कधीतरी.

४ मे

अंग मोडून आलंय. घर मोठं वाटतं. खाट अजून तिथंच आहे, तिच्यावर कुणी बसत नाही. गौरा काल करवंदपाड्याला परत गेली, पापडांची टोपली ठेवून. जाताना पुष्पानं तिला खण दिला. म्हटलं, हाच का तो? दोघी हसल्या. सांगितलं नाही.

आज सकाळी जीपवरचं कापड काढलं. चाकांत हवा भरली, पाणी घातलं. पुष्पा दारात येऊन बघत होती. मी तिच्याकडे न बघता म्हटलं, "विक्रमगडच्या रस्त्याला, येसूच्या घराच्या मागं, पूर्वी रूळ होते म्हणतात. उद्या जाऊन बघावं म्हणतो."

"कोण म्हणतं?"

"म्हणतात लोक."

पुष्पा आत गेली. फळीवरून काहीतरी काढल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं बघितलं तर खुंटीवर पिशवी अडकवलेली होती, आणि तिच्या तळाला नारळ होता.